भाकर, पाणी, जाळे : मनोरीची ख्रिस्ती मराठी

मराठी वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ख्रिस्ती साहित्यावरचे प्रकरण बहुधा एकाच वळणाने जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६), त्यातील मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्या, एत्येन द ला क्रुआ यांचे संत पीटरवरील पुराण (१६२९), आंतोनियो द सालदान्हा यांनी रचलेली संत अंतोनीची जीवनकथा, आणि मग एक लांब उडी. ही उडी श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली निघालेल्या विल्यम केरींच्या मराठी नव्या करारावर, नाहीतर १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांवर जाऊन टेकते. तेथून पुढे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई असा राजरस्ता सुरू होतो. मधल्या दीडशे वर्षांविषयी परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून वर्गातही कोणी विचारीत नाही.

पण प्रश्न साधा आहे. या दीडशे वर्षांत मराठीत प्रार्थना कोण करीत होते? कोणीच करीत नसते, तर उत्तर कोकणचा हजारो माणसांचा ख्रिस्ती समाज आपली बोली जिवंत ठेवून विसाव्या शतकात पोहोचला कसा? ग्रंथांच्या यादीत या प्रश्नाचे उत्तर फारसे सापडत नाही. ते विहिरीच्या काठावर, भाताच्या खळ्यात, होडीच्या नाळेवर आणि गावठाणाच्या तिठ्यावरील क्रूसापाशी शोधावे लागते. या शोधासाठी मनोरीइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

मालाडहून मार्व्याच्या धक्क्यावर यावे आणि होडीने खाडी ओलांडावी, की काही मिनिटांत मनोरी. खुष्कीने जायचे तर भाईंदरपर्यंत उत्तरेला जाऊन उत्तन-गोराईवरून उलटे खाली यावे लागते. म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या या गावाला गाडीरस्त्याने जाण्यासाठी जिल्ह्याची हद्द ओलांडून पुन्हा आत शिरावे लागते. मनोरी, गोराई, उत्तन ही एका पट्टीची गावे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खारफुटी. पाण्याने तोडलेल्या या पट्टीत कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. जवळ असूनही मुंबई येथे उशिरा आली, आणि त्यामुळे जे इतरत्र पुसले गेले ते येथे बरेच दिवस टिकले.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो अन्यत्र विस्ताराने उपलब्ध आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई आणि तिच्या अखत्यारीतला मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टी बेटावर (ही मुंबईची साष्टी, गोव्याच्या साष्टीशी तिचा नुसता नामसंबंध, दोन्ही नावे सहासष्ट गावांवरून आली असे सांगतात, आणि विद्यार्थी त्यांची हमखास गल्लत करतात) फ्रान्सिस्कन व जेझुइट पाद्र्यांनी धर्मप्रसार केला. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर त्याचे एक केंद्र होते. त्या धर्मप्रसारातील बळाचा आणि लाभाच्या आमिषाचा भाग नाकारण्याचे कारण नाही. तो इतिहासात नोंदलेला आहे. पण धर्मांतराची कथा पहिल्या पिढीपाशी संपत नाही. धर्म बदललेल्या माणसाचा पणतू त्या धर्मात का राहतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि आमच्या मते अधिक औत्सुक्याचा आहे.

कारण राहण्याची सक्ती करणारी सत्ता लवकरच गेली. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली. मनोरीच्या वरच्या अंगाला, उत्तन-डोंगरीच्या बाजूस, धारावीच्या किल्ल्यासाठी झुंज झाली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. पोर्तुगीज अधिकारी, जमीनदार, युरोपीय मिशनरी निघून गेले. ज्यांना जायला जागाच नव्हती असे कोळी, कुणबी, भंडारी तेवढे मागे राहिले. त्यांच्या धर्मसेवेसाठी आता गोव्याकडचे थोडेसे देशी पाद्री होते. गावे पुष्कळ आणि पाद्री मोजके. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. पण इंग्रजांना कॅथलिक कोळ्यांच्या आत्मिक कल्याणाची काळजी असण्याचे कारण नव्हते. म्हणजे १७३९ नंतर मनोरीतल्या माणसाला ख्रिस्ती ठेवील अशी कुठलीच राजसत्ता उरली नव्हती.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तीच सर्वांत महत्त्वाची. चर्चची भाषा लॅटिन होती. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली, आणि त्यानंतर लोकभाषेतील उपासना रूढ झाली. तोवर मनोरीचा कोळी रविवारी वेदीसमोर गुडघे टेकून जे ऐकत होता ते त्याला शब्दशः कळत नव्हते. त्याने ते ऐकले, मान लवविली, आपल्या पद्धतीने समजून घेतले. पण ती त्याची भाषा नव्हती. त्याची भाषा बोलणारा देव त्याला चर्चच्या बाहेर भेटत होता. घरी सांजवेळी, जपमाळेच्या वेळी, गावच्या क्रूसासमोर म्हटल्या जाणाऱ्या लदीनीच्या आगेमागे, लग्नाच्या गाण्यांत, तान्ह्याला निजवताना. रोजच्या क्षणांतली श्रद्धा असे आपण सहज म्हणतो आणि तिला चर्चमधल्या श्रद्धेची धाकटी बहीण समजतो. मनोरीत हे नाते उलटे होते. श्रद्धेला मराठी बोलता येत होते ते फक्त रोजच्या क्षणांत.

ही गोष्ट एकदा मान्य केली की मग या क्षणांकडे नुसती लोकसंस्कृती म्हणून पाहणे पुरत नाही. ‘लोकसंस्कृती’ या शब्दात आपण पुष्कळदा एखादी गोष्ट साहित्याच्या दारातून हळूच बाहेर काढतो.

सर्वांत आधी पाणी. ईस्ट इंडियन लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाडातल्या बायका, वाजंत्री, घुमट, सगळा लवाजमा विहिरीवर जातो. तेथून वाजतगाजत पाणी घरी येते आणि त्याने वधूला किंवा वराला न्हाऊ घालतात. विधीच्या नावात उंबर आहे, आणि उंबर कोणाच्या पूजेतला वृक्ष हे मराठी वाचकाला सांगायला नको. एखादा शुद्धतावादी म्हणेल की हा जुन्या धर्माचा अवशेष. तसे म्हणणारे झाले आहेत. नुसते म्हणून थांबले नाहीत, त्यांनी हुकूमही काढले. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढून देशी ख्रिस्ती लोकांच्या घरगुती चालींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात (१९६१) तो अभ्यासकांसमोर ठेवला. लग्नातील देशी वाद्ये, हळद-तेल लावणे, पान-फुले वाटणे, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत बोलकी बंदी म्हणजे लग्नात बायकांनी म्हणावयाच्या ओव्यांवरील. ज्या ओवीछंदात स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा सांगितली, तीच ओवी शंभर-सव्वाशे वर्षांनी स्वयंपाकघरात म्हटली म्हणून गुन्हा ठरली.

या जाहीरनाम्याचे साल पुन्हा पाहावे. १७३६. पुढच्याच वर्षी साष्टी पोर्तुगिजांच्या हातून गेली. उत्तरेकडच्या ख्रिस्ती घरांत हळद, घुमट आणि विहिरीचे पाणी टिकले याचे एक कारण मराठ्यांचा विजय हे असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. ज्यांच्या सत्तेने चर्चला उत्तर कोकणातून हाकलले, त्यांनीच नकळत तेथल्या ख्रिस्ती बायकांची ओवी वाचविली. इतिहासात असे उपकार कोणी मनावर घेऊन करीत नाही, म्हणूनच ते नोंदवून ठेवावेत.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट. येशूचा पहिला चमत्कार काना गावच्या लग्नात घडला: द्राक्षारस संपला, यजमानांची लाज जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याने पाण्याचे रांजण भरवले आणि पाण्याचा द्राक्षारस झाला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या हस्तलिखितांत हा प्रसंग आहे, पण तो स्टीफन्सचा नाही. पाश्कोल गोमिश द फारिया या गोव्यातल्या पाद्र्याने तो मागाहून रचून घातला. स्टीफन्सने सृष्टीच्या उत्पत्तीपासून स्वर्गारोहणापर्यंतचा अफाट पट अकरा हजारांच्या घरातल्या ओव्यांत मांडला, आणि त्यात एका गावातले लग्न राहून गेले. ते राहिल्याचे खटकले या भूमीतल्या माणसाला. आमच्या समजुतीप्रमाणे ‘ख्रिस्तपुराणा’च्या संहितेतील ही सर्वांत मनुष्यस्वभावाची नोंद आहे. पंगतीत पदार्थ कमी पडला तर काय होते, घरातल्या बाईच्या छातीत कसे धस्स होते, हे ज्याने आपल्या आवारात पाहिले आहे त्याला तो चमत्कार वगळणे शक्यच नव्हते. मनोरीच्या विहिरीवरून पाणी घेऊन येणाऱ्या बायकांनी फारियाचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. तरी रांजणातल्या पाण्याकडे पाहण्याची दोघांची नजर एकच.

पाण्यानंतर भात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा होतो. शेतातल्या पहिल्या कणसांच्या पेंढ्या चर्चमध्ये आणतात, त्यांवर आशीर्वाद मागतात, आणि त्या कणसांतले काही दाणे घरोघर जातात. हा शब्द शेत या अर्थाच्या लॅटिन ‘आगेर’वरून आला असे मानले जाते. लॅटिनमधून आलेला आणि कोळ्या-कुणब्यांच्या जिभेवर इतका रुळलेला दुसरा शब्द सहज आठवत नाही. आसपासच्या हिंदू घरांत याच सुमारास नवान्नाची, नव्याच्या पुनवेची तयारी असते. शेजारच्या दोन घरांनी एकाच पिकाचे आभार दोन देवांना मानावेत, आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटू नये, ही गोष्ट आज लिहिताना जितकी सुंदर वाटते तितकीच ती जगताना साधी असली पाहिजे. मराठी बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘रोजची भाकर’ मागितलेली आहे. देशावरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर ज्वारीची भाकर येते. मनोरीच्या माणसासमोर तांदळाची. आगेऱ्याच्या दिवशी ही मागणी शब्दांतून उठून हातात येते, एवढाच काय तो फरक.

आणि जाळे. या किनाऱ्यावरची मुख्य मासेमारी डोलीची. डोल म्हणजे पिशवीसारखे लांब निमुळते जाळे. ते भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडून बांधून ठेवायचे. मासा पाठलाग करून धरायचा नाही. पाण्याच्या ओढीबरोबर जे येईल ते येईल. मग जाळे ओढून त्यातला बोंबील वेगळा, जवळा वेगळा, मांदेली वेगळी, कोळंबी वेगळी करायची, आणि फुकट गेलेले टाकून द्यायचे. निवडण्याचे काम बहुतांशी बायकांचे. बोंबील वलांड्यांवर टांगून वाळविण्याचेही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा दिली आहे: सर्व प्रकारचे जीव त्यात सापडतात, आणि निवड मागाहून, काठावर होते. पंडितांना या दृष्टान्तात शेवटच्या न्यायाचे कठोर चित्र दिसते. डोल ओढणाऱ्याला त्यात आधी धीर दिसला असेल, असे मला वाटते. जाळ्यात काय येते हे तुझ्या हाती नाही, तू ते नीट बांध आणि ओहोटीची वाट पाहा, हा त्याच्या धंद्याचा नियम आहे. दृष्टान्त त्याला नवे काही सांगत नाही, फक्त त्याच्या नित्याच्या वाट पाहण्याला एक साक्षीदार देतो.

धीर हा शब्द मुद्दाम वापरला. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या धर्मात तत्त्वज्ञानापेक्षा धीराचे प्रमाण अधिक असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते. कोळ्यांचा संत पीटर स्वतः मच्छीमार. त्याचा सण २९ जूनला, म्हणजे होड्या वर काढून ठेवलेल्या असताना येतो. पुढे हंगाम सुरू होताना होड्यांना आशीर्वाद दिला जातो. शेजारच्या गावातला हिंदू कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो. दोघे त्याच पाण्यात जातात. वादळ कोणाचा धर्म विचारीत नाही हे दोघांनाही ठाऊक असते, आणि म्हणूनच दोघेही काहीतरी म्हणून मगच नांगर उचलतात.

मात्र रोजच्या क्षणांवर उभी असलेली श्रद्धा रोजच्या भयानेही हलते, हे लपविता कामा नये. १८२० च्या कॉलऱ्याच्या साथीत काही ख्रिस्ती लोक देवीच्या कोपाच्या भीतीने पुन्हा हिंदू झाल्याची नोंद ठाण्याच्या गॅझेटियरात (१८८२) आहे. मिशनऱ्यांना यात अज्ञान दिसले आणि पुढे काहींना यात घरवापसी दिसेल. मला त्यात मूल गमावलेली आई दिसते. जी श्रद्धा विहिरीच्या पाण्यातून आधार घेते, त्याच पाण्यातून मरण येऊ लागले तर तिने काय करावे? पाऊणशे वर्षांनी, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा उत्तर वेगळे निघाले. गावठाणांच्या तिठ्यांवर, वाटांच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत आजही त्या वर्षांतले कितीतरी क्रूस आहेत. वेशीवर रक्षणकर्ता बसविण्याची कल्पना या भूमीला नवी नव्हती, फक्त रक्षणकर्त्याचे रूप निराळे होते. लोक त्यांच्यापुढे जमत, दिवा लावीत, लदीन म्हणत. चर्च लांब असले, पाद्री आजारी असला, संचारावर निर्बंध असले, तरी क्रूस दारात होता.

आता सुरुवातीच्या दीडशे वर्षांच्या उडीकडे परत यायला हवे. या काळाचा कागदोपत्री पुरावाच नाही असे नाही. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या पाद्र्याने येशूच्या दुःखभोगावर एक पद्यग्रंथ रचला. तो १६५९ साली लिस्बनला छापला गेला. त्याची भाषा उत्तर कोकणच्या ख्रिस्ती लोकांची बोली, लिपी रोमन. स्टीफन्सची भाषा संस्कृतप्रचुर, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची; तीत त्याने पंडितांनाही दाद मागितली आहे. गिमाराइशची भाषा कोळ्याने कोळ्याशी बोलावी अशी. अभ्यासकांनी ती ‘अशुद्ध’ ठरविली आणि पुस्तक तळटीपेत गेले. पण हे ‘अशुद्ध’ पुस्तक १८४५ मध्ये मुंबईत पुन्हा छापले गेले. ‘ख्रिस्तपुराण’ सतराव्या शतकात तीनदा छापले गेले (१६१६, १६४९, १६५४), त्यांतल्या एकाही छापील आवृत्तीची प्रत आज सापडत नाही, आणि चौथ्या मुद्रणासाठी त्याला मंगळूरच्या १९०७ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले; देवनागरीत ते शांताराम बंडेलूंनी १९५६ साली आणले. गिमाराइशच्या पुराणाला मात्र एकशे शहाऐंशी वर्षांनी, राजवट दोनदा बदलून गेल्यावर, मुंबईच्या बाजारात गिऱ्हाईक होते.

मुद्रक धर्मादाय म्हणून पुस्तके छापीत नाही. १८४५ साली कोणीतरी ते विकत घेत होते. घेत होते म्हणजे म्हणत होते. आणि दुःखभोगाचे काव्य ज्या दिवसांत म्हणावे ते उपवासकाळाचे चाळीस दिवस. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते हे उघड आहे, म्हणजे एकाने म्हणायचे आणि घराने ऐकायचे. हरिविजय, पांडवप्रतापाच्या पारायणाची बैठक डोळ्यांसमोर आणावी, आणि ग्रंथाच्या जागी हे रोमन लिपीतले पुराण ठेवावे. आमची दीडशे वर्षांची पोकळी या बैठकीत भरलेली होती. ती दिसली नाही याला लिपी हे एक कारण, बोली हे दुसरे. आणि तिसरे असे की साहित्य शोधताना आपण लिहिणारा शोधतो, ऐकणाऱ्याकडे पाठ असते.

टिळक-परंपरेशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते दीर्घ चिंतनानंतर. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांची वाट ग्रंथांतून आणि पत्रव्यवहारातून गेली. लक्ष्मीबाईंची वाट मात्र मनोरीच्या बायकांना ओळखीची वाटली असती. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की त्यांचे मन बदलले ते वादविवादाने नव्हे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या हातचे खावे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा पेच. आणि जात ही माणसाने केलेली आहे हे एके दिवशी आतून उमगले, तेव्हा तो पेच पाण्याच्या एका घोटाबरोबर सुटला. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. आधी पाणी, मग धर्म. मराठी गद्यातले रोजच्या क्षणातून आलेल्या श्रद्धेचे इतके निखळ वर्णन दुसरे नाही, आणि त्यात उपदेशाचा एक शब्द नाही. पण पुणे-नगरकडचे हे प्रॉटेस्टंट मराठी आणि साष्टी-वसईचे कॅथलिक मराठी एकमेकांना जवळजवळ भेटलेच नाहीत. एकाला सुशिक्षित लेखक मिळाले म्हणून तो साहित्याचा इतिहास झाला. दुसऱ्याला फक्त म्हणणाऱ्या बायका मिळाल्या.

लेखक पुढे मिळाले, पण वसईला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून तेथल्या ख्रिस्ती माणसाला प्रमाण मराठीत लिहिते केले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये ते गेले. संमेलनाच्या वेळी ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असा प्रश्न काहींनी केला. चारशे वर्षे मराठीत प्रार्थना करणाऱ्या समाजाला तो ऐकावा लागला याची जबाबदारी केवळ प्रश्न करणाऱ्यांवर टाकून चालणार नाही. पाठ्यपुस्तकातली ती उडी आपण, शिकविणाऱ्यांनी, कधी भरून काढली नाही. आपण वर्गात नाताळ म्हणतो, पाद्री म्हणतो, पाव, पगार, चावी म्हणतो, आणि हे शब्द कोणाच्या दारातून आपल्या घरात आले हे सांगत नाही.

खाडीच्या अलीकडे दुसरीच घडामोड झाली. साष्टी-मुंबईच्या या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोव्या-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांच्या तुलनेत कंपनीच्या नोकरीवर आपला हक्क जुना आहे हे दाखविण्याचा तो व्यवहारी मार्ग होता. नाव इंग्रजी, शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी; घर तेवढे मराठी राहिले. आणि आता एक विलक्षण अदलाबदल दिसते. व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवर मराठी आली. ज्या भाषेला चारशे वर्षे अंगणात थांबावे लागले, ती चर्चच्या आत गेली. आणि त्याच सुमारास ती घराच्या आतून निघू लागली. आजी लदीन म्हणते, नात तिच्याशी इंग्रजीत बोलते. भातशेती आक्रसत चालली, तशी आगेऱ्याची कणसे स्वतःच्या शेतातून आणणारी घरेही उणावली. मनोरीतच ‘मोबाई भवन’ नावाने ईस्ट इंडियन समाजाचे छोटे संग्रहालय उभे राहिले आहे. जाते, पाटा, तांब्या-पितळेची भांडी, लुगडी तेथे जपून ठेवली आहेत. हे काम मोलाचेच. पण जात्याबरोबर जात्यावरची ओवी ठेवता येत नाही. ती म्हणणारी बाई आहे तोवर तिच्यापाशी बसून उतरून घ्यावी लागते, आणि ती कोणत्या बोलीत आहे, कोणत्या लिपीत घालावी, असले वाद तूर्त बाजूला ठेवावे लागतात. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय सापडत नाही अशी तक्रार नेहमी कानी येते. मार्व्याच्या धक्क्यावरून होडी सुटते.

मुंबई महापालिकेने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मनोरीतच आखला आहे. खारट पाण्याचे पिण्याचे पाणी होऊन ते खाडीपलीकडच्या शहराला जाईल. गावातल्या विहिरींवर तोवर लग्नसराईत घुमट वाजत राहील. घरी रांजण भरले जातील, आणि वऱ्हाडातली एखादी म्हातारी, नेहमीच्या सवयीने, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणेल. ते बहुधा मराठीत असेल.